सेव्हचं बटण नसलेली वही

दोनेकशे ओळींचा कोड आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला, एकाच फाईलीत मावणारा, दुसऱ्या प्रोग्रॅम्सना वापरता येणारा, म्हणजे ज्याला लायब्ररी म्हणतात तसा. त्याचं काम एवढंच, की प्रोग्रॅममधल्या एखाद्या डिक्शनरीत, म्हणजे किल्ली आणि किंमत अशा जोड्यांच्या यादीत, काही बदललं की तो बदल आपणहून त्याच मशीनवरच्या साध्या फाईलीत उतरवायचा. सर्व्हर लागत नाही, लॉगिन लागत नाही, इंटरनेट असलं काय नि नसलं काय. वापरणाऱ्याला सेव्ह करण्याची आठवणसुद्धा ठेवावी लागू नये म्हणून तो लिहिला. नोकरीत मी मोठ्या सिस्टिम्सवर काम करते. ऐरोलीच्या ऑफिसात बसून शेकडो जणांनी मिळून लिहिलेल्या कोडमध्ये चार ओळी इकडे, चार ओळी तिकडे. पण रविवारी सकाळी चहा घेता घेता उघडून पुन्हा वाचावासा वाटतो तो कोड हा.

तो लिहिला गेला तुर्भ्याच्या फळबाजारातल्या एका गाळ्यासाठी. मुंबईतला फळांचा घाऊक बाजार नव्वदच्या दशकात नवी मुंबईत आला, आणि आज हापूसच्या दिवसांत तिथे गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. रात्री देवगड, राजापूर, रत्नागिरीकडच्या गाड्या लागतात, उजाडायच्या आत पेट्या उतरतात, आणि त्या सगळ्या गलक्यात गाळ्याच्या आत, छोट्या टेबलाशी हिशेब लिहिणारे मेहताजी बसलेले असतात. कुठल्या बागायतदाराच्या किती पेट्या आल्या, पाच डझनी किती, सहा डझनी किती, कुणाला काय भावाने गेल्या, हमाली किती, गाडीभाडं किती. हे सगळं जुळवून शेवटी बागायतदाराच्या हातात जी पट्टी पडते, तिच्यावर त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा आकडा असतो. त्या पट्टीतली एक ओळ गहाळ झाली तर कुणाच्या तरी दहा पेट्या हिशेबातून जातात.

या माणसाला सलग पाच मिनिटं कुणी बसू देत नाही. नोंद अर्धी झाली की फोन वाजतो, फोन ठेवेपर्यंत गिऱ्हाईक भावासाठी डोक्यावर उभं, तेवढ्यात हमाल विचारतो हा माल कुठे लावू. आधी त्यांच्याकडे विकत घेतलेलं एक सॉफ्टवेअर होतं. त्यात 'सेव्ह'चं बटण फॉर्मच्या अगदी तळाशी, स्क्रीन खाली ओढल्याशिवाय दिसायचं नाही असं. दुसरी खिडकी उघडली की ते विचारायचं, बदल जपायचे का? गर्दीत हात जाईल ते बटण दाबलं जायचं. नोंदी जायच्या, आणि चूक मात्र मेहताजींच्या नावावर जमा व्हायची. मला हे फार लागलं. साठीकडे झुकलेला, आयुष्यभर वही लिहिलेला माणूस. त्याच्या वहीत लिहिलेलं कधी गेलं नव्हतं. कागदावर शाई उमटली की काम झालं. नंतर कुणी वहीला सांगावं लागत नाही की बाई, हे लक्षात ठेव.

माझं म्हणणं त्यावरूनच पक्कं झालं. लिहिलेलं टिकवणं हे माणसाचं काम नाही, प्रोग्रॅमचं आहे. आणि टिकवलेलं जे असेल ते लिहिणाऱ्याच्या घरात, त्याला उघडून वाचता येईल अशा रूपात असलं पाहिजे.

पहिल्या अर्ध्या भागाचा विचार जुना आहे. ईमॅक्स हा एडिटर ३०० कळा दाबून झाल्या किंवा हात ३० सेकंद थांबला की आपणहून एक प्रत ठेवतो. विम २०० अक्षरांनंतर किंवा ४ सेकंदांच्या विश्रांतीनंतर स्वॅप फाईल लिहितो. दोघांचीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ही प्रत ते मूळ फाईलीवर लिहीत नाहीत, शेजारी वेगळी ठेवतात. मूळ फाईल बदलायची की नाही हा निर्णय माणसाचा, प्रोग्रॅमने फक्त अपघातापुरती तजवीज करायची, ही त्या काळातल्या लोकांची भूमिका. २०११ साली ॲपलने मॅक ओएस एक्स लायनमध्ये थेट मूळ फाईलच आपोआप जपायला सुरुवात केली, पण त्याच वेळी जुन्या आवृत्त्या परत आणण्याची सोयही दिली. ती जोडी अगदी बरोबर होती. जे आपोआप जपतं, ते चूकही तितक्याच तत्परतेने जपतं. मांजर कीबोर्डवरून गेलं तर तेही फाईलीत. म्हणून मागे जायचा रस्ता नसलेला ऑटोसेव्ह मी अर्धवट काम समजते. यावर पुढे येतेच.

आता फाईल. नवशिक्याला शिकवताना आपण सांगतो की फाईल लिहायला उघड, जेसन (डेटा साध्या मजकुरात मांडायची रीत) ओत, बंद कर. तीन ओळी. या तीन ओळींच्या मधोमध एक खड्डा आहे. फाईल लिहिण्यासाठी 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडली की त्याच क्षणी तिची लांबी शून्य होते. नवीन काही लिहिलं जाण्याच्या आधीच जुनं गेलेलं असतं. मग समजा डिक्शनरीत कुठेतरी एक तारीख आहे, पायथनची तारीख, मजकूर नव्हे. जेसनला तारीख हा प्रकारच माहीत नाही. लिहिता लिहिता तो त्या तारखेपाशी येतो आणि एरर देऊन थांबतो. डिस्कवर उरते एक अर्धी फाईल, कंस उघडा राहिलेली, जी नंतर कुणालाच वाचता येत नाही. लाइट जायची गरज नाही, लॅपटॉप पडायची गरज नाही. नीट चालू असलेल्या मशीनवर, एका तारखेपायी, अख्ख्या मोसमाचा हिशेब जाऊ शकतो.

यावरचा उपाय जाणकारांना पाठ आहे आणि तरीही कितीतरी कोडमध्ये दिसत नाही. आधी सगळा डेटा मेमरीतच मजकूर करून घ्यायचा. एरर यायचा तो तिथेच येऊ दे. मग तो मजकूर एका तात्पुरत्या फाईलीत लिहायचा, आणि ती पूर्ण झाल्यावरच तिचं नाव बदलून मूळ फाईलीच्या जागी आणायची. युनिक्स वळणाच्या सिस्टिम्समध्ये एकाच फाईल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाईली मांडायच्या व्यवस्थेत) नाव बदलणं हे अखंड काम असतं. बघणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाईल दिसते, नाही तर पूर्ण नवी. अधलंमधलं काही नाही. पायथनमध्ये २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून यासाठी 'ओएस डॉट रिप्लेस' आहे. विंडोजवर जुनं 'रिनेम' त्या नावाची फाईल आधीपासून असली तर अडून बसायचं, हे नवीन तिथेही चालतं. तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमध्ये करायची, कारण टेम्प फोल्डर दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर नाव बदलणं साफ नाकारलं जातं. विंडोजवर आणखी एक अडचण आहे. ती फाईल त्याच क्षणी दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने, बहुतेक वेळा अँटीव्हायरसने, उघडून धरली असेल तर परवानगी नाही म्हणून एरर येतो. तिथे हार मानायची नाही, पाव सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करायचा.

एवढ्यानेही भागत नाही, आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

प्रोग्रॅम जेव्हा म्हणतो 'लिहिलं', तेव्हा ते डिस्कवर गेलेलं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमने ते आपल्या मेमरीत घेऊन ठेवलेलं असतं, सवडीने लिहिण्यासाठी. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला असा बदल ३० सेकंदांपर्यंत मेमरीत राहू शकतो. प्रोग्रॅम कोसळला तरी हरकत नाही, कारण मेमरी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात आहे, तो ते नंतर लिहील. पण वीज गेली की कर्नलही गेला. 'आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव' असं बजावून सांगायचं तर 'एफसिंक' नावाची विनंती करावी लागते.

२००९ साली यावरून मोठी खडाजंगी झाली होती. लिनक्सची एक्स्ट-४ ही फाईल सिस्टिम तेव्हा नवी होती. डिस्कवर जागा नेमून देण्याचं काम ती शक्य तितकं पुढे ढकलायची, त्याने वेग वाढायचा. आधीच्या एक्स्ट-३ मध्ये साधारण दर पाच सेकंदांनी सगळं डिस्कवर उतरायचं, त्यामुळे एफसिंक न करणारे प्रोग्रॅमही सहसा निभावून जायचे. नव्या व्यवस्थेत मशीन अचानक बंद पडलं की लोकांच्या सेटिंगच्या फाईली शून्य बाइटच्या होऊन बसू लागल्या. नाव नवीन फाईलीचं, आत काहीच नाही! नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोचली होती, मजकूर पोचायचा राहिला होता. एक्स्ट-४ च्या मुख्य शिल्पकारांपैकी एक, थिओडोर त्सो, यांचं म्हणणं असं की चूक ॲप्लिकेशनची, एफसिंक करायला हवा होता. नियमाने ते बरोबरच होतं. तरीही त्यांनी कर्नलमध्ये सुधारणा केली, की नाव बदलून जुन्या फाईलीची जागा घेतली जात असेल तर मजकुराला जागा ताबडतोब द्यायची. नियम आपल्या बाजूने असूनही लोकांचा डेटा वाचवण्यासाठी दुसऱ्याची कसर आपण भरून काढणं, याचं मला कौतुक वाटतं.

आणि एफसिंकही शेवटचा शब्द नव्हेच. २०१८ मध्ये पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरला आणि तोच पुन्हा केला, तर दुसऱ्यांदा तो 'झालं' म्हणून सांगू शकतो, मधला डेटा मात्र गेलेला असतो. इतकी वर्षं जगभरात चालणारा डेटाबेस, आणि त्याच्या पायाखाली हे. तेव्हापासून एफसिंक अपयशी ठरला की पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न न करता थांबतो आणि आपल्या नोंदवहीवरून सगळं नव्याने उभं करतो. माझ्या छोट्या लायब्ररीनेही तेच धोरण घेतलं. डिस्कने एकदा नाही म्हटलं की स्क्रीनवर वर लाल पट्टी येते, पुढची नोंद घेतली जात नाही. गाळ्यावर त्या क्षणी खोळंबा होईल, होऊ दे. जपलं न जाता जपल्यासारखं दाखवणं हे मला कुठल्याही खोळंब्यापेक्षा वाईट वाटतं.

याची परीक्षा कशी घ्यायची? एक प्रोग्रॅम सतत नोंदी लिहीत राहतो, दुसरा त्याला मध्येच कुठल्याही क्षणी 'किल उणे नऊ'ने मारतो, मग फाईल उघडून बघायची. 'किल उणे नऊ'मध्ये प्रोग्रॅमला आवराआवर करायला एक श्वासही मिळत नाही. पायथनमध्ये जाताना करायच्या कामांसाठी 'ॲटएक्झिट' आहे, त्याच्यावर भिस्त ठेवून लिहिलेले ऑटोसेव्ह इथे उघडे पडतात, कारण अशा मरणात ते चालतच नाही. ही चाचणी रात्रभर चालवायची. पण तिच्याने फक्त प्रोग्रॅमच्या मरणाची परीक्षा होते. कर्नल जिवंतच असतो. विजेची परीक्षा घ्यायला जुना लॅपटॉप लागतो, बॅटरी काढता येणारा. चार्जरवर चालवायचा आणि वायर उपटायची. हे करताना दर वेळी पोटात गोळा येतो, माहीत असूनही.

पायथनच्या पोतडीत 'शेल्व' नावाचं असंच काम करणारं मॉड्यूल आधीपासून आहे, मग नवीन का लिहिलं, असं कुणी विचारेल. दोन कारणं. शेल्व आत 'पिकल' ही पायथनची डेटा साठवायची स्वतःची रीत वापरतं. पिकल केलेली फाईल माणसाला वाचता येत नाही, आणि अनोळखी ठिकाणाहून आलेली पिकल फाईल उघडणं धोक्याचं असतं. उघडतानाच त्यातून कुठलाही कोड चालवता येतो, हा इशारा पायथनच्याच दस्तऐवजात ठळकपणे दिलेला आहे. दुसरं कारण जास्त नाजूक. पायथनमध्ये डिक्शनरीत किल्ली देऊन किंमत ठेवली की आतून 'सेटआयटम' नावाची मेथड चालते. लायब्ररी तिथे दबा धरून बसते आणि बदल टिपते. पण किंमत म्हणून जर एक लिस्ट ठेवली असेल, बागायतदाराच्या पेट्यांची, आणि नंतर त्या लिस्टला एक पेटी जोडली, तर बाहेरच्या डिक्शनरीला त्याचा पत्ताच लागत नाही. तिच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. शेल्वमध्ये नेमकं हेच होतं. जोडलेली पेटी मेमरीत दिसते, फाईलीत जात नाही, कुठे एररही येत नाही. त्यावर 'राइटबॅक' नावाचा पर्याय आहे, पण तो चालू केला की हात लावलेली प्रत्येक गोष्ट मेमरीत साठत जाते आणि फाईल बंद करताना ती सगळी परत लिहिली जाते, बदललेली असो वा नसो. वाढत्या हिशेबाला ते झेपत नाही. म्हणून आतल्या प्रत्येक लिस्टला आणि डिक्शनरीलाही आपली पाळत ठेवणारं वेष्टण घालावं लागतं. माझ्या दोनेकशे ओळींतल्या निम्म्याहून अधिक या वेष्टणातच गेल्यात.

फाईलीची रचना ठरवताना मात्र मी पायथनकडे बघितलं नाही, मेहताजींच्या कपाटाकडे बघितलं. जुन्या पद्धतीच्या हिशेबात रोजमेळ आणि खतावणी अशा दोन वह्या. दिवसभरात जे जे घडेल ते घडलं त्या क्रमाने रोजमेळात. तिथे मागे-पुढे करायचं नाही, खाली खाली लिहीत जायचं. मग सवडीने त्यावरून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचं. खतावणीला काही झालं तरी रोजमेळावरून ती परत उभी करता येते. मोठे डेटाबेस हेच करतात. एसक्यूएलाइटने २०१० मध्ये ३.७.० आवृत्तीत अशी आधी-नोंद-मग-मांडणी करण्याची रीत आणली, रेडिस हा डेटाबेसही बदल करणारी प्रत्येक आज्ञा एका फाईलीच्या शेवटी जोडत जाऊ शकतो. माझ्या लायब्ररीच्याही मग दोन फाईली झाल्या. प्रत्येक बदलाची एक ओळ रोजमेळाच्या शेवटी, लगेच एफसिंक. एक ओळ जोडायला पूर्ण फाईल पुन्हा लिहावी लागत नाही. आणि गाळ्यावर शांतता झाली की खतावणीची पूर्ण फाईल, तात्पुरती करून, नाव बदलून. सुरुवातीला खतावणी वाचायची, तिच्या पुढच्या रोजमेळातल्या ओळी त्यावर चढवायच्या. प्रत्येक ओळीला चढता क्रमांक असतो आणि खतावणीत शेवटी चढवलेला क्रमांक लिहिलेला असतो. नाहीतर नेमकं मधल्या क्षणी मशीन बंद पडलं तर तीच पेटी दोनदा जमा व्हायची. रोजमेळातली शेवटची ओळ तुटलेली आढळली तर तेवढी बाजूला ठेवायची. ती लिहिली जात असतानाच लाइट गेली होती, एवढाच तिचा अर्थ.

हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मेहताजींनी वेगाबद्दल विचारलं नाही की रंगांबद्दल नाही. ते म्हणाले, "मॅडम, खोडलेलं दिसतं ना यात?"

मला क्षणभर उमगलं नाही. मग त्यांनी जुनी वही काढून पान दाखवलं. एका ओळीवर आडवी रेघ, शेजारी दुरुस्त आकडा, बाजूला आद्याक्षर. "हे बघा, इथे तीस पेट्या लिहिलेल्या, नंतर अठ्ठावीस झाल्या. दोन पेट्या सडक्या निघाल्या. उद्या बागायतदार आला नि म्हणाला तीस पाठवलेल्या, तर मी त्याला हे पान दाखवतो. खोडलेलं दिसलं म्हणजे त्याला पटतं की लपवालपवी नाही."

रोजमेळ आता कधीच पुसला जात नाही. महिन्यामहिन्याने त्याची नवी फाईल सुरू होते, जुन्या तशाच राहतात. नोंद काढून टाकली की 'काढली' अशी एक नवीन ओळ पडते, तारीख-वेळेसकट, आणि स्क्रीनवर ती नोंद रेघ मारलेल्या अवस्थेत बघता येते. ऑटोसेव्ह चूकही जपतो हा मघाचा प्रश्न याने सुटला, पण माझ्या डोक्यात होतं ते 'अनडू'. त्यांच्या डोक्यात होता समोरच्या माणसाचा विश्वास. दोघांना लागणारी गोष्ट एकच निघाली, आणि ती त्यांनी मागितली म्हणून नीट झाली.

दुसरा प्रसंग फाईल वाचण्याचा. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की हा प्रोग्रॅम उद्या नसला, मी नसले, तरी ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून तुम्हाला वाचता आली पाहिजे. हे नुसतं बोलून होत नाही. पायथनचं जेसन मॉड्यूल न सांगता लिहायला लावलं तर 'देवगड' हा शब्द 'देवगड' म्हणून लिहीत नाही. तो लिहितो बॅकस्लॅश यू ०९२६, बॅकस्लॅश यू ०९४७, मग ०९३५, ०९१७, ०९२१. पाच चिन्हांची तीस अक्षरं, आणि वाचणाऱ्याच्या पदरात काही नाही. मशीनला त्याने काही फरक पडत नाही, वाचताना ते बरोबर 'देवगड' करून घेतं. म्हणूनच कित्येक मराठी ॲप्सच्या फाईली आतून अशा असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. 'एन्शुअर आस्की' नावाचा एक पर्याय बंद केला आणि फाईल उघडताना यूटीएफ-८ (सगळ्या लिपी सामावणारी अक्षरं साठवायची पद्धत) असं स्पष्ट लिहिलं, की तोच शब्द १५ बाइटमध्ये, देवनागरीत, जसाच्या तसा बसतो. यूटीएफ-८ लिहायला विसरलं तर विंडोजवर पायथन बहुतेक वेळा तिथली जुनी कोडपेज (मोजक्याच अक्षरांचा तक्ता) वापरायला जातो आणि पहिल्याच मराठी अक्षरावर अडकतो. दोन छोटे पर्याय आहेत. पण ते बरोबर दिलेले असले की मेहताजी नोटपॅडमध्ये फाईल उघडतात, बोट ठेवत एकेक नाव वाचतात, आणि म्हणतात, "हां, हे आपलंच आहे."

आणखी काही बारीकसारीक. जेसनमध्ये किल्ली नेहमी मजकूरच असते. पायथनमध्ये ७ हा आकडा किल्ली म्हणून दिला की फाईलीतून परत येताना तो '७' हा मजकूर होऊन येतो, आणि मग एकाच खात्याची दोन खाती होतात. लायब्ररी म्हणून आकड्याची किल्ली घेतच नाही, तिथल्या तिथे एरर देते. रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात ठेवायची नाही, पैशांत ठेवायची, पूर्णांक म्हणून. तारखा आधीच मजकूर करून, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे वर्णक्रम लावला तरी कालक्रम लागतो. आणि मजकुराला हात लावायचा नाही. 'कऱ्हाड'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या चिन्हांनी उमटतो, दिसायला सारखा, आतून निराळा. शोधताना त्यावर तोडगा काढावा लागतो, तो वरच्या प्रोग्रॅमने काढावा. जपणाऱ्याने जे दिलं ते तसंच परत द्यायचं, सुधारायला जायचं नाही.

कधी थांबायचं हेही सांगते, कारण अशा लायब्ररीच्या प्रेमात पडलेले लोक ती भलत्या ठिकाणी वापरतात. एका माणसाचं, एका मशीनवरचं, काही हजार नोंदींचं काम असेल तर ही पुरेशी आहे. एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅम्सना एकाच डेटात लिहायचं असेल, लाखो नोंदींतून शोधायचं असेल, तर एसक्यूएलाइट घ्या. तोही लोकल फाईलच आहे, सर्व्हर नाही. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो लिहिला. अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करताना डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅम अडायचा, म्हणून सर्व्हरच नसलेला डेटाबेस. आज तो जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे, पब्लिक डोमेनमध्ये आहे, आणि त्याच्या कर्त्यांनी तो २०५० पर्यंत सांभाळण्याचा मनोदय जाहीर केला आहे. त्यांचं एक म्हणणं मला फार पटतं, की एसक्यूएलाइटची स्पर्धा ओरॅकलसारख्या मोठ्या डेटाबेसशी नाही, साध्या फाईल उघडण्याशी आहे. त्यात एकच गोष्ट नाही, जी गाळ्यावर मला हवी होती. नोटपॅडमध्ये उघडून बोट ठेवत वाचता येत नाही.

क्लाउडबद्दल गाळ्याचे शेठ दर मोसमात विचारतात. त्यांना जुन्नरला घरी बसून मोबाइलवर आजची आवक बघायची असते, आणि ती इच्छा रास्त आहे. मी त्यांना सांगितलं आहे की बघायला देते, लिहायला नाही. रात्री बाजार थंडावला की खतावणीची एक प्रत त्यांच्या फोनवर जाईल. मूळ मात्र गाळ्यावरच्या मशीनमध्ये, आणि तिची रोजची प्रत मेहताजींच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर. बागायतदारांचे फोन नंबर, बँकेचे खाते क्रमांक त्या फाईलीत आहेत. ते फोनवर जाणाऱ्या प्रतीतून आधी गाळले जातात. लॅपटॉप चोरीला गेला तर काय, हा प्रश्न खरा आहे, म्हणून अख्खी डिस्क कुलूपबंद ठेवली आहे आणि पासवर्ड दोघांनाच माहीत आहे.

सध्या काम चाललंय ते महिन्याच्या रोजमेळ फाईलीवर शेवटी एक पडताळणीचा आकडा टाकण्याचं, म्हणजे जुनी फाईल नंतर कुणी हाताने बदलली तर कळेल. मेहताजींना ते सांगितलं तर म्हणाले, वहीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज असतेच की, मग प्रत्येक दिवसाला का नाही? महिन्याऐवजी दिवसाचा हिशेब धरला तर कोड वाढतो, पण थोडाच. फेब्रुवारीत पहिल्या पेट्या यायच्या आत ते बसवायचं आहे.